कोबाल्टची खोली रिकामी झाली

कोबाल्ट न्यायला गाडी येणार हे ठरलं, तेव्हा पद्मजा कारखानीसने पहिला फोन मार्तंड गुप्ते सरांना केला.

"मी कशाला?" सर म्हणाले. "यंत्र जातंय ना? जाऊ दे. मला रिटायर केलंत तेव्हा कोण आलं होतं?"

"सगळं हॉस्पिटल आलं होतं, सर. तुम्ही भाषण लांबवलंत म्हणून समोसे गार झाले."

"बरं, किती वाजता येतेस?" सरांनी विचारलं.

मुलुंडच्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात तळमजल्याच्या टोकाला कोबाल्टची खोली होती. कॅन्सरच्या रुग्णांना किरण देणारं ते जुनं यंत्र सरांनीच उभं केलं होतं. त्याच्या डोक्यात, शिशाच्या जाड कवचात, अंगठ्याएवढी एक डबी. तिच्यात कोबाल्ट. बटण दाबलं की हवेच्या दाबाने डबी पुढे सरकायची, किरण रुग्णावर पडायचे आणि वेळ संपली की डबी परत आत. जाताना-येताना 'फुस्स' असा आवाज व्हायचा. पद्मजाची उमेदवारीची सगळी वर्षं त्या आवाजात गेली होती. आता ती हॉस्पिटलच्या किरण भौतिकी आणि सुरक्षा विभागाची प्रमुख होती. कुठल्या एक्स-रे खोलीची भिंत पुरेशी जाड आहे, कुणाच्या बिल्ल्यावर किती किरण नोंदले गेले, कुठलं यंत्र आज रुग्णासाठी वापरायचं नाही, हे सगळं तिच्या सहीने ठरायचं. ही खुर्चीही सरांचीच. फोम तेवढा तिने बदलून घेतला होता.

सर घाटकोपरला पंतनगरात राहत. बायको गेल्यापासून एकटेच. पद्मजा पोचली तेव्हा ते इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट घालून तयार बसले होते. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराकडून वारा सुटला होता म्हणून खिडक्या लावलेल्या. जिना उतरताना त्यांनी तिचा हात धरला नाही, पण तिच्या बरोबरीनेच उतरले.

हायवेवर विक्रोळी आली तेव्हा सर एकदम म्हणाले, "ती भांडुपची बाई आठवते तुला? वनमाला?"

"न आठवायला काय झालं? दर मे महिन्यात आमसुलं पाठवते. तुमच्या वाटणीची मीच खाते."

सर खूप दिवसांनी मोठ्याने हसले.

वनमालाचा नवरा गिरणीत होता. संप फिसकटल्यावर घरी बसलेला. गर्भाशयाच्या कॅन्सरसाठी तिला रोज किरण द्यायचे होते. पद्मजाला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. एके दिवशी वेळ संपली, टायमर वाजला, आणि 'फुस्स' झालंच नाही. दारावरचा लाल दिवा तसाच पेटलेला राहिला. डबी बाहेरच अडकली होती आणि खाली टेबलावर वनमाला.

अशा वेळी काय करायचं याची तालीम सर दर महिन्याला घ्यायचे. सगळे कंटाळायचे. टेक्निशियन एकमेकांना डोळे मारायचे. पण त्या दिवशी कुणी कुणाला काही विचारलं नाही. सर आणि एक टेक्निशियन आत धावले. पद्मजाही निघाली होती. सर मागे न बघता ओरडले, "तू नाही! तू दारात. सेकंद मोज, मोठ्याने!"

ती दारात उभी राहून सेकंद मोजत राहिली. आवाज फाटला होता तिचा. दोघांनी किरणांच्या झोतात हात न घालता बाजूने टेबल ओढलं, वनमालाला उतरवलं, बाहेर आणलं. मग सर एकटे लोखंडी दांडी घेऊन परत आत गेले आणि त्यांनी डबी मागे ढकलली. लाल दिवा विझला.

वनमाला गाऊन सावरत बाकावर बसली आणि म्हणाली, "डाक्टर, झाला काय? सगळी धावतत कित्या? माका वाटला मीच मेलंय."

"तुम्हाला काही झालं नाही. मशीन दमलंय जरा," सर म्हणाले. "दुरुस्त झालं की पुढचं करू."

पद्मजा आठवडाभर सरांवर रागावून होती. मुलगी म्हणून मला बाहेर ठेवलं, असं तिच्या मनाने घेतलं होतं. शेवटी कॅन्टीनमध्ये तिने विचारलंच. सर चहात खारी बुडवत होते. "अगं, आत गेलेल्या माणसाला वेळ कळत नाही," ते म्हणाले. "त्याला वाटतं आत्ताच तर आलो. बाहेर डोकं थंड ठेवणारा माणूस लागतो. त्या वेळी माझ्याजवळ तूच होतीस. तुझं डोकं काही थंड नव्हतं म्हणा, पण आकडे चुकले नाहीत."

त्या खारीवर तिचा राग गेला होता.

हॉस्पिटलात पोचल्यावर निहार समोर आला. पद्मजाच्या हाताखालचा तरुण भौतिकतज्ज्ञ, नुकतंच लग्न झालेला, बोरिवलीहून येणारा. तो सरांच्या पाया पडायला वाकला तर सरांनी आधी त्याचा बिल्ला नीट अडकवला.

खोलीत पुरवठादार कंपनीचे दोन इंजिनिअर तयारीत होते. शिशाचं भलंमोठं पिंप यंत्राच्या डोक्याला जोडलं होतं. लांब दांडीने डबी ढकलून यंत्रातून पिंपात घ्यायची, झाकण लावायचं, की काम झालं. सरांनी दारातूनच आत पाहिलं. भिंतीचा पोपटी रंग त्यांच्या वेळचाच होता. छतावर कुणीतरी चितारलेले पांढरे ढग होते. टेबलावर उताणं झोपलेल्या माणसाला बघायला काहीतरी हवं म्हणून सरांनीच ते काढून घेतले होते.

"ढग ठेवलेस अजून," ते म्हणाले.

"दोनदा रंगवून घेतले. पेंटरला वाटायचं मी वेडी आहे."

मग पद्मजाने त्यांना कॉरिडॉरमध्ये, सुरक्षेसाठी बांधलेल्या दोरीच्या बाहेर, बाकावर बसवलं आणि काम सुरू झालं.

डबी अर्ध्यात अडकली.

निहारच्या हातातलं किरण मोजायचं मीटर किंचाळायला लागलं. एका इंजिनिअरने दांडीला आणखी एक रेटा दिला. डबी हलेना. "सगळे बाहेर," पद्मजा म्हणाली. ती ओरडली नाही. सगळे बाहेर आले, जाड दार बंद झालं, मीटर गप्प झालं.

इंजिनिअरच्या कपाळावर घाम होता. "मॅडम, अजून एक जोर लावला असता तर गेली असती."

"किंवा वाकडी होऊन कायमची बसली असती. घाई नाही. दार बंद आहे, आतलं आत आहे. आधी विचार करू."

तेवढ्यात दोरी ओलांडून सर तिच्याजवळ आले. "मी जातो," ते हळू म्हणाले. "हे यंत्र कुठे अडतं ते मला ठाऊक आहे."

"नाही, सर."

"ऐक माझं. मी ब्याऐंशीचा. ह्या किरणांचं दुखणं उगवायला वीस-पंचवीस वर्षं लागतात. तेव्हा मी असणार आहे का? हा पोरगा बघ, कालपरवा लग्न झालंय. त्याला पाठवण्यापेक्षा मी गेलो तर नुकसान कुणाचं?"

निहार खाली बघत होता. हिशेबाने सर बरोबर होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं. तोच बुशशर्ट, तेच ताठ खांदे, पण डावा हात भिंतीला टेकलेला. जिन्यावरही तो हात कठड्यावरून सुटला नव्हता.

"सर, तुम्ही आत अडखळून पडलात, तर तुम्हाला आणायला मला दोन माणसं पाठवावी लागतील," ती म्हणाली. "मी तुम्हाला आत सोडणार नाही."

असं त्यांच्याशी ती आयुष्यात बोलली नव्हती. सरांचा चेहरा पडला. इंजिनिअर उगाच हातमोजे चाचपायला लागले. सर वळले, दोरीबाहेर गेले आणि बाकावर बसले.

पद्मजा त्यांच्यापाशी गेली, गुडघ्यावर बसली. "आत जायचं नाही म्हटलं, सांगायचं नाही असं नाही म्हटलं. कुठे अडतं ते सांगा ना."

सर घसा खाकरून म्हणाले, "जमीन. ह्या खोलीची जमीन मागच्या नाल्याच्या बाजूला उतरती आहे. बांधतानाच चुकली. यंत्राखाली आम्ही लोखंडी पट्टी घालून ते सरळ केलं होतं. तुमचं पिंप नुसत्या जमिनीवर ठेवलंय. म्हणजे यंत्र सरळ आणि पिंप तिरकं. डबी सांध्यात अडणारच."

पद्मजा उठली. पिंप नाल्याच्या बाजूने जॅकने उचलायचं, पाचर मारायची, मगच दांडी लावायची, असं ठरलं. कॉरिडॉरमध्ये एक रिकामी ट्रॉली आणून तिने त्या इंजिनिअरकडून आणि स्वतःकडून तेच काम पुन्हा पुन्हा करून घेतलं, हात आपोआप चालेपर्यंत. निहारला घड्याळ देऊन दारात उभं केलं. त्याने तोंड उघडलं तेव्हा ती म्हणाली, "का ते नंतर सांगते. आकडे चुकवू नकोस."

मग ती त्या इंजिनिअरला घेऊन आत गेली.

इंजिनिअरने जॅक फिरवला, तिने पाचर सारली. दांडी लावली. डबी आधी हललीच नाही, मग काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि ती सरळ पिंपात गेली. खोल, जड 'टक्' असा आवाज आला. झाकण फिरलं. बाहेरून निहारचा आवाज येत होता, पण तो कुठल्या आकड्यावर आहे हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. नंतर पाहिलं तर तिच्या अंगावर पडलेले किरण ठरवलेल्या मर्यादेच्या खूपच खाली होते.

गाडी पिंप घेऊन गेटबाहेर पडली तेव्हा दुपार टळली होती. पद्मजा कॉरिडॉरमध्ये परतली. सर अजून तिथेच होते.

"रागावलात?" तिने विचारलं.

"रागावलो होतो. मग बसून बसून कंबर दुखायला लागली, तेव्हा राग विसरलो." ते उठायचा प्रयत्न करत होते. या वेळी त्यांनी आपणहून तिचा हात धरला. "पद्मजा, मी इतकी वर्षं इथे काम केलं आणि ह्या बाकावर कधी बसलो नाही बघ. नेहमी दाराच्या आतल्या बाजूला. इथे बसलं की फक्त ते बंद दार दिसतं. आत काय चाललंय कळत नाही. तू आत होतीस आणि मी नुसता दाराकडे बघतोय. वनमालाचा नवरा रोज इथेच बसायचा ना?"

"हो. टोपी मांडीवर ठेवून."

"मी त्याच्याशी कधी धड बोललोसुद्धा नाही."

परतीच्या वाटेवर कांजूरच्या सिग्नलला सर झोपून गेले. पंतनगर येईपर्यंत तिने गाडी हळू चालवली.

पुढच्या आठवड्यात निहारने रिकाम्या खोलीचा कोपरा न् कोपरा मीटरने तपासला. उघड्या मैदानात मीटर जेवढं दाखवतं तेवढंच दाखवत होतं. पद्मजाने दारावरची धोक्याची पिवळी पाटी स्वतः स्क्रू काढून उतरवली. मॅनेजमेंटला तिथे जुन्या फायली ठेवायच्या होत्या. नव्या यंत्राला त्या भिंती पुरेशा जाड नव्हत्या, म्हणून उपचारांसाठी ती खोली कुणालाच नको होती. पद्मजाने ती मागितली. मीटिंगमध्ये दोनदा भांडली, तिसऱ्यांदा मिळाली.

गणपतीच्या आधी ती रुग्णांच्या नातेवाइकांसाठी उघडली. पाठ टेकता येईल अशा खुर्च्या, पंखे, पाण्याचा कूलर. नव्या यंत्रावरच्या रुग्णाचं काम कुठवर आलंय ते दाखवणारा एक पडदा. ढग तिसऱ्यांदा रंगवले. पहिल्याच दिवशी एका बाईने येऊन तक्रार केली, "मॅडम, खोली झकास आहे, पण मोबाइलला रेंजच येत नाही हो."

पद्मजाने ते सरांना फोनवर सांगितलं.

"कशी येणार?" सर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम तरुण झाला होता. "भिंत मी बांधून घेतलीय."