दुसरा स्फटिक

वरदा प्रयोगशाळेतल्या शिशाने मढवलेल्या खोलीत एकटी गेली आणि दोघी बाहेर आल्या.

पुढची माझी बायको होती. मागचीही तीच, पण एक तृतीयांश रुंदीची. तोच निळा कुडता, कानामागे तशीच खोवलेली पेन्सिल. दार अर्धंच उघडं होतं, तर ती दाराच्या जाडीतून आली. वाटेतल्या टेबलातूनही सरळ गेली. कपातला चहा हलला नाही.

"काय बघतोयस?" वरदाने विचारलं. मग तिने वळून पाहिलं.

काय झालं ते मला लगेच कळलं, कारण करणारा मीच होतो. आमच्या यंत्रात सिलिकॉनचे दोन स्फटिक समोरासमोर असतात. क्ष-किरणांच्या गर्दीतून ते एकच तरंगलांबी निवडतात. बाकीच्यांना रस्ता बंद. पहिला सगळी उष्णता अंगावर घेतो, दुसरा किरणाला सरळ वाटेला लावतो. दोघं अगदी समांतर असले की उजेड सर्वांत जास्त मिळतो, पण त्याच्याआडून एक तृतीयांश तरंगलांबीचा दुसरा किरणही घुसतो, कडक आणि आरपार जाणारा. म्हणून दुसरा स्फटिक आम्ही नेहमी केसभर तिरका ठेवतो. आज वरदाचा नमुना खसखशीएवढा होता. "सगळा उजेड दे ना रे," ती म्हणाली. बायकोने मागितल्यावर केसभराचं काय घेऊन बसायचं, म्हणून मी तो समांतर केला. ती नमुना लावायला आत गेली तेव्हा किरण बंद होता. तरी स्फटिकाने आपलं काम केलं.

आमचे प्रमुख प्रभुदेसाई सर आले. त्यांनी चष्मा पुसून दोघींकडे पाहिलं.

"हार्मोनिक आहे, आडून घुसणारा तो किरण," ते म्हणाले. "दोघींना परत आत पाठवा, दुसरा स्फटिक पुन्हा केसभर फिरवा आणि बाहेर बोलवा. मागची जाईल."

"पण सर, वरदाही थोडी कमी होईल."

"वीस टक्के. संसारात तेवढं चालतं."

"कुठले वीस टक्के?"

"सगळीकडूनच थोडे थोडे."

तिचं हसणं थोडं, चिडणं थोडं, माझं नाव थोडं, असं कसं कमी करायचं? मी म्हटलं, राहू दे, दोघींना घरी नेतो. तेवढ्यात मागची बारकी म्हणाली, "सलील, गॅस बंद केलास ना?" हे रोज वरदा विचारते. आता वरदाने तोंड उघडलं होतं, पण ते वाक्य तिच्याकडे उरलं नव्हतं.

"लवकर करा," सर म्हणाले. "एकदा मिसळल्या की वेगळ्या होणार नाहीत."

"फिरव," वरदा म्हणाली. "मला हिच्याबरोबर घरी यायचं नाही."

"मलाही नाही," बारकी म्हणाली.

दोघी आत गेल्या. मी दुसरा स्फटिक फिरवायला घेतला आणि काचेतून पाहत राहिलो. फरशी पुसल्यावर ओल वाळते तशी बारकी वाळत गेली. वरदाही फिकी झाली, पण बेताने. मी थांबलो. स्फटिक मात्र थांबले नाहीत. पहिला तापून फुगला होता. त्याची दिशा बदलत होती, आणि त्याच्याशी जुळवायला मी दुसऱ्याला पुन्हा त्याच्यामागे पळवू लागलो, पण तो गाठता येईना. वीसचे चाळीस झाले. साठ झाले. वरदाच्या अंगातून मागची भिंत दिसू लागली. ती माझ्याकडेच बघत होती, आणि मी सरांना हाका मारायला लागलो.

"घाबरू नका," सर म्हणाले. "आता दुसरा स्फटिक वाकवा, खोलगट आरशासारखा. जेवढी उरली आहे तेवढी एका जागी गोळा होईल. लख्ख दिसेल."

मी तो वाकवला आणि दार उघडलं.

वरदा चालत आली. दारात ती फिकी आणि पूर्ण रुंदीची होती. टेबलापाशी हातभर रुंद झाली, पण रंग परत आले. कुडता निळा झाला. आणखी पुढे आली तेव्हा वीतभर उरली होती, आणि इतकी स्पष्ट मी तिला लग्नातही पाहिली नव्हती.

"गॅस बंद केलास ना?" ती म्हणाली.

खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. मग लक्षात आलं की फोकस ही एकच जागा असते. किरण तिथे जमतो आणि लगेच पुढे पसरायला लागतो. भिंतीपर्यंत नुसता धूसर पट्टा उरतो.

"वरदा, तिथेच थांब."

"थांबता येत नाही रे. मला सरळच जाता येतं. तू बाजूला हो."

"सलील, बाजूला व्हा," सर म्हणाले.

तिला भिंतीपर्यंत जाऊ द्यायचं नव्हतं, म्हणून मी तिच्या वाटेत उभा राहिलो. ती सुईएवढी झाली, डोळे दिपतील अशी, आणि माझ्या शर्टाच्या दुसऱ्या बटणापाशी येऊन पोचली. तिथलं कापड तपकिरी व्हायला लागलं.