हिला गाडी लागते

आमच्या मुंढव्यात आता शेत औषधालाही उरलेलं नाही. पण होतं तेव्हा माझ्या विहिरीवर एक डिझेलचं इंजिन होतं. तसं इंजिन पुन्हा झालं नाही. एकदा त्याने पाणी एवढ्या जोरात ओढलं, की शेजारच्या मांजरी गावच्या विहिरीतली दोन कासवं आमच्या उसाच्या पाटात येऊन पडली. मांजरीची माणसं कासवं मागायला आली. मी म्हटलं, ओळख पटवा आणि न्या. एकालाही ओळख पटवता आली नाही. कुणाला खोटं वाटत असेल तर त्याने कासवांना विचारावं. असतील अजून, त्यांना आयुष्य मोठं असतं.

तर अशा माणसाच्या घरात गाडी घ्यायचं ठरलं, आणि आमचे चिरंजीव विश्वजीत म्हणाले, "बाबा, पेट्रोलच घेऊ."

विश्वजीत खराडीला संगणकाच्या कंपनीत आहे. तो भांडत नाही, समजावून सांगतो, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो.

"आपलं रनिंग किती?" तो म्हणाला. "माझं ऑफिस, मुलांची शाळा, तुमची भाजी. नव्या डिझेल गाड्यांना धुरासाठी जाळी असते. असल्या छोट्या छोट्या फेऱ्यांत ती काजळीने तुंबते. तिला अधूनमधून मोकळा हायवे लागतो."

"मग मी भाजी साताऱ्याहून आणत जातो."

"बाबा..."

"अरे, डिझेल म्हणजे बैल. पेट्रोल म्हणजे नुसतं उड्या मारणारं शिंगरू. घाट चढायची वेळ आली की कळेल तुला."

"घाटात आपण जातो कधी?" विश्वजीत बोलून गेला. स्वयंपाकघरात भांडं जरा जोरात आपटलं.

घाटापलीकडे वाई आहे आणि वाईला आमची तेजस्विनी आहे. तिच्या लग्नाला आठ वर्षं झाली, पण तिच्या आईने, म्हणजे आमच्या तुळजाबाईंनी, लेकीचं घर अजून पाहिलेलं नव्हतं. कारण हिला गाडी लागते. तीही साधीसुधी नाही. आमची वरात डिझेलच्या टेम्पोतून निघाली होती. मी मांडवातून निघालो तो केशरी फेट्यात आणि घरी पोचलो तो वेगळ्याच रंगाच्या. वाईला जायचे दोन प्रयत्न झाले. एकदा कात्रजवरून परतलो, एकदा खंबाटकीच्या पायथ्यावरून. मग हिने नादच सोडला. लेकीला फोनवर विचारायची, ओटा केवढा आहे, खिडकी कुठल्या अंगाला आहे, आणि ऐकताना डोळे मिटून घ्यायची.

हिचं ठाम मत, की दोष सगळा डिझेलच्या वासाचा. "पेट्रोल आणा. मग मी वाईला येऊन बघती," ती म्हणाली. "डिझेल आणलंत तर मला मोजू नका."

घरात दोन मतं पेट्रोलला, एक डिझेलला. अशा वेळी शहाण्या माणसाने मतदान लांबवावं. मी म्हटलं, आधी शोरूममध्ये जाऊन बघू तर खरं.

हडपसरच्या शोरूममध्ये शर्मिला नावाच्या बाई होत्या. मूळच्या इंदूरकडच्या, दोन वर्षांपूर्वी पुण्यात आलेल्या. मराठी झरझर बोलत होत्या, पण गाडी विकण्यापुरतीच. विश्वजीतला ऑफिसचा फोन आला म्हणून तो बाहेर गेला. मी आपलं आधीच सांगून टाकलं, "एक लक्षात ठेवा मॅडम. हिला गाडी लागते."

"अरे वा!" शर्मिलाबाईंचा चेहरा फुलला. "आजकाल सगळ्याच लेडीजना गाडी लागते."

तुळजाबाईंनी त्यांच्याकडे मायेने पाहिलं. "तुला बी लागती का गं?"

"मला तर रोज लागते. कॉलेजपासून."

"अगं बाई! आन् या असल्या धंद्यात पडलीस?"

"आवड आहे ना. मॅडम, तुम्हाला जास्त कुठे लागते? सिटीत की हायवेला?"

"घाटात. घाटात लई लागती."

"आणि पेट्रोल की डिझेल?"

"डिझेलचीच लागती बाई. मोठी असली की जास्तच."

"मोठी, डिझेल, घाटासाठी," शर्मिलाबाईंनी भराभर टिपून घेतलं. "बघा सर, मॅडमचं किती क्लिअर आहे!"

आता एका वाक्यात हा घोळ मिटला असता. ते वाक्य माझ्या जिभेवर येऊनही बसलं होतं. पण जिथे बसलं तिथून उठायला तयार होईना. मीही त्याला आग्रह केला नाही.

"चला, दिवे घाटातच ट्रायल देते," शर्मिलाबाई म्हणाल्या. "मॅडम, तुम्ही पुढे बसा. जिला गाडी लागते, तिची पुढची सीट."

आमच्या घराण्यात पुढची सीट कर्त्या पुरुषाची. बायकांनी मागे बसायचं, पोरं, पिशव्या आणि डबे मांडीवर घेऊन. माझे आजोबा तर बैलगाडीत एवढे पुढे बसायचे, की वैरण कधीकधी चुकून त्यांनाच घातली जायची. पण आता वाद घालावा तर सगळंच उघडं पडणार. मी निमूटपणे मागे जाऊन बसलो.

शर्मिलाबाई चावी आणायला गेल्या, तेवढ्यात तुळजाबाईंनी हातात पिशवी तयार धरली आणि मागे वळून विचारलं, "अहो, ही पेट्रोलच ना?"

"वास येतोय का तुला?"

"न्हाई."

"मग झालं तर."

एवढ्यात शर्मिलाबाई स्टिअरिंगवर बसल्या आणि विश्वजीत येऊन माझ्याशेजारी बसला. "बाबा, ही तर डि..." म्हणाला, तेव्हा मी त्याच्या पायावर पाय ठेवला आणि घाट लागेपर्यंत उचलला नाही.

घाट सुरू झाला. मी हिच्या मानेकडे नजर लावून बसलो. मान आता झुकेल, मग झुकेल. मान झुकेना. उलट ताठ होत गेली. "ट्रक येतोय गं, हळू घे. आता जा, मोकळा हाय. ते बघ खाली तळं!" चौथ्या वळणावर तर ती हसली. जन्मात पहिल्यांदा तिच्यासमोर सीटची पाठ नव्हती, रस्ता होता.

माझ्यासमोर मात्र सीटची पाठ होती. ती आधी डावीकडे गेली, मग उजवीकडे, मग माझ्या पोटात उतरली. कानामागे घाम सुटला. विहिरीवरचं ते इंजिन कुणीतरी माझ्या आतड्याला जोडून चालू केलं असावं.

"अगं," मी क्षीण आवाजात म्हटलं, "ती पिशवी दे."

तिने वळून माझा चेहरा पाहिला. "शर्मिला, थांबव गाडी! ह्यांना लागली!"

"लागलं? कुठे लागलं सरांना?"

"अगं, गाडी लागली!"

शर्मिलाबाई खाली उतरल्या, पुढचा बंपर पाहिला, मागचा पाहिला. "नाही मॅडम, कुठेच लागली नाही. गाडी एकदम ओके आहे."

तोवर माझं व्हायचं ते पिशवीत होऊन गेलं होतं. ते पाहून शर्मिलाबाईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे मॅडमना मघाशी... हे लागतं म्हणायचं होतं?"

"आई," विश्वजीत हळूच म्हणाला, "ही डिझेल गाडी आहे."

तुळजाबाईंनी खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. काहीच झालं नाही. अठ्ठेचाळीस वर्षं डिझेल बिचारं हकनाक बदनाम झालं होतं. गुन्हा मागच्या सीटचा होता.

"म्हंजे मला मागं बसवत होता म्हणून?" ती म्हणाली. एवढंच. माझ्या तोंडात त्या वेळी फक्त बाटलीतलं पाणी होतं.

मग ती विश्वजीतकडे वळली. "पेट्रोल घे."

"अगं, पण तुला डिझेल चालतंय की आता!"

"मला चालतंय. ह्यांना न्हाई चालत."

"मला सीट लागली, डिझेल नव्हे!" मी ओरडलो.

"मग मागं बसायची सवय करा," ती म्हणाली आणि पुढचा पट्टा स्वतःच लावून बसली. विश्वजीतला त्याच्या जाळीबद्दल एक शब्दही बोलावा लागला नाही.

गाडी आली त्याच रविवारी वाईला निघालो. तेजस्विनीला कळवलं नव्हतं. खंबाटकी कधी चढलो नि कधी उतरलो ते मला ठाऊक नाही. मी डोळे मिटून मारुतीस्तोत्र म्हणत होतो. पुढून मात्र हिचं बोलणं ऐकू येत होतं. वाटेतल्या प्रत्येक टपरीचं नाव ती मोठ्याने वाचत होती.

तेजस्विनीने दार उघडलं. हाताला कणीक होती. "आई?" म्हणाली आणि तिथेच उभी राहिली. तुळजाबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला, डोळे पुसले, आणि तिला बाजूला सारून थेट स्वयंपाकघरात गेल्या. आठ वर्षांच्या सूचना साठल्या होत्या. डबे खाली आले, ताटं वर गेली, डाळींच्या बरण्यांची बदली झाली.

दुपारी जेवायला बसलो तर आमटी अळणी. तेजस्विनी मीठ आणायला उठली आणि स्वतःच्याच घरात एकेक डबा उघडून बघू लागली. मीठ काही सापडेना, आणि तिचं हसू काही थांबेना.