टपालाने आलेली सही

सही मागणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग आहे. निदान तेव्हा तरी होता. मी दाताच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. नंबर देणं, फाइल काढणं, घाबरलेल्यांना पाणी देणं आणि आत गेलेल्यांचे चष्मे सांभाळणं ही माझी कामं. आमच्याकडे अधूनमधून नाव असलेली माणसंही येतात, कारण दात काही माणूस बघून किडत नाहीत. त्यांच्यासाठी डॉक्टरीणबाईंचा एकच नियम: इथे फोटो नाही, सही नाही. "तोंड उघडं ठेवून बसलेल्या माणसाकडे काही मागायचं नसतं," असं त्या म्हणतात. मला हा नियम इतका पटलाय की तो मोडायला निघालेला माणूस मी लांबून ओळखते. आधी तो फोनशी चाळा करतो, मग पाणी प्यायला उठतो, आणि पाणी न पिताच त्या नाववाल्याच्या शेजारी जाऊन बसतो. तिथे मी खाकरते.

आणि तरी सही मागितली ती मीच. मावशीसाठी.

मावशीनेच मला वाढवलं. ती शाळेत गाणं शिकवायची. काका गेले तेव्हा तिने गाणं सोडलं, शाळा सोडली, नुसती भिंतीकडे बघत बसायची. मी लहान होते, पण ती भिंत मला अजून आठवते. मग कधीतरी तिने आपल्या आवडत्या गायकाला पत्र लिहिलं आणि टपालाने त्याचा फोटो आला. फोटोवर सही, सहीखाली झोकदार लांब रेघ, आणि कडेला दोन ओळी: 'आधी रडून घ्या, मग गायला बसा. उलट केलंत तर सूर हलेल.' मावशी त्या दिवशी पोटभर रडली आणि संध्याकाळी गायला बसली. तेव्हापासून तो फोटो तिच्या पलंगासमोर आहे. घर बदललं, पलंग बदलला, फोटो तोच.

आता तिच्या पायांनी संप केलाय आणि हृदय दमलंय. सकाळ-संध्याकाळ गोळ्या लागतात आणि त्या माझ्या हातून घेते. नजर मात्र घारीची, आणि जीभ त्याहून वरचढ.

तर तो गायक आमच्याकडे आला. म्हातारा झालेला, गाल सुजलेला. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की दाढेचं मूळ साफ करावं लागेल, दोन-तीन खेपा होतील. पेशंटचं नाव बाहेर बोलायचं नसतं हे मला कळतं, पण घरी जाऊन मी मावशीला सांगून बसले. ती म्हणाली, "ठमे, एक सही आण. आता मी काही त्याला भेटायला जात नाही." मावशी माझ्याकडे कधी काही मागत नाही. त्यामुळे माझा नियम तिथेच गळपटला.

पण मध्ये उभी होती बहीण. गायकाची थोरली बहीण कायम त्याच्याबरोबर असायची, मांडीवर पर्स घट्ट धरून, जणू कुणी त्याला पर्समधूनच पळवणार आहे. तो तिला ताई म्हणायचा आणि तिच्या परवानगीशिवाय पाणीही पीत नव्हता. दुसऱ्या खेपेला बाकावरच्या एका गृहस्थाने खिशातून पेन काढलं मात्र, ही बया ताडकन म्हणाली, "सही इथे मिळणार नाही. टपालाने पत्र पाठवा, फोटो येईल." गृहस्थ म्हणाले, "अहो, समोर तर बसलेत." त्यावर ती म्हणाली, "टपालाने." बस्स.

मला तिचा राग आला. आमच्या दवाखान्यात नियम सांगायचा तर तो मी सांगणार. आणि मनात पालही चुकचुकली. समोर बसलेला धडधाकट माणूस, हातात पेन, काम क्षणाचं. त्याला पोस्टाचा वळसा कशाला? इथे काहीतरी पाणी मुरतंय असं मला वाटलं.

काम आटपून गायक बाहेर आला. अर्धं तोंड बधिर, ओठ एका बाजूला लोंबलेला. बहीण खालच्या दुकानात औषधं आणायला गेली. मी इकडेतिकडे पाहिलं, कोरा कागद आणि पेन घेऊन उठले, पाण्याच्या पिंपापाशी गेले आणि पाणी न पिताच त्याच्या शेजारी जाऊन बसले. खाकरायला कुणी नव्हतं.

"माझ्या मावशीला हवी होती," मी म्हटलं.

त्याला बोलता येत नव्हतं. त्याने दाराकडे पाहिलं, कॉपी करायला निघालेल्या पोरासारखं, आणि झटकन सही केली. तेवढ्यात बहीण आत आली. माझ्या हातातला कागद बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. रागाने नाही, भीतीने. सहीला कुणी इतकं घाबरतं का?

"कुणाला दाखवणार आहात?" तिने विचारलं.

"मावशीला."

"त्यांच्याकडे आधीची आहे?"

मी म्हटलं, "त्याच्याशी तुम्हाला काय करायचंय?" ती भावाला हाताला धरून घेऊन गेली.

घरी मी कागद मावशीच्या हातात ठेवला. वाटलं होतं, डोळ्यांत पाणी येईल, निदान मला जवळ घेईल. तिने उशीखालून भिंग काढलं. कागद पाहिला. फोटो काढून मागितला, तो पाहिला. पुन्हा कागद. माझा चहा निवून गेला.

"ही कुणी केली?" तिने विचारलं.

"कुणी म्हणजे? त्यांनीच. माझ्यासमोर."

"ही त्याची नाही."

मी कागद फोटोजवळ धरला आणि फरक मलाही दिसला. फोटोवरची सही ऐटदार, तिरपी, खाली ती लांब रेघ. कागदावरची सही बुटकी, एकमेकांत घुसलेली, रेघ नाहीच. मी म्हटलं, माणूस म्हातारा झाला, हात थरथरत असेल, तोंड बधिर होतं.

"सही तोंडाने करतात का?" मावशी म्हणाली. "ठमे, मी म्हातारी झाले म्हणून मला काहीही खपेल असं वाटलं तुला? आणायची नव्हती तर नाही म्हणायचंस. हाताने काढून कशाला आणलीस?"

मला असं तोंडात मारल्यासारखं आयुष्यात कधी झालं नव्हतं. मी शपथा घेतल्या, चिडले, रडलेसुद्धा. त्याने तिचा संशय पक्का झाला. "खऱ्याला इतकं रडावं लागत नाही," ती म्हणाली.

एवढ्यावर थांबतं तर मी गिळलं असतं. पण त्या संध्याकाळी मी गोळी दिली, तर तिने ती तळहातावर घेऊन भिंगाखाली धरली. "ही कसली?"

"रोजचीच. हृदयाची."

"सही खोटी आणणारी गोळी खरी देते हे कशावरून?" आणि तिने गोळी बशीत ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी शेजारीण येऊन वेष्टनावरचं नाव वाचून दाखवायला लागली तेव्हा कुठे सकाळची गोळी पोटात गेली. संध्याकाळी शेजारीण घरी नव्हती, तर गोळी उशीखाली सापडली. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, या गोळ्या चुकवल्या तर हृदय थांबायला वेळ लागत नाही, काहीही करून द्या. काहीही म्हणजे काय? रात्री मी तिचा श्वास ऐकत पडायची. जिने मला भाताचा घास भरवून वाढवलं, ती माझ्या हातचं औषध घ्यायला घाबरत होती. ते दुःख मला कुणाला सांगताही येईना, कारण सांगितलं असतं तर ऐकणाऱ्यानेही विचारलं असतं, खरंच तू नाही ना काढलीस?

मग एकदा मी फोटोसमोर उभी राहून त्या दोन ओळी वाचत होते, आणि बहिणीचा पांढराफटक चेहरा आठवला. त्यांच्याकडे आधीची आहे? असं कोण विचारतं? जिला माहीत असतं की दोन्ही जुळणार नाहीत, तीच. मी मोबाइलवर फोटोचा फोटो काढून घेतला.

तिसऱ्या खेपेला गायक आत खुर्चीत गेला. बाकावर बहीण एकटीच होती, पर्स मांडीवर. मी शेजारी जाऊन बसले आणि मोबाइल तिच्यासमोर धरला.

तिने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "काय हवंय तुम्हाला?" आवाज एकदम खाली आला होता. "पेपरात देणार आहात का?"

"हे अक्षर तुमचं आहे," मी म्हटलं.

आतून यंत्राची घरघर ऐकू येत होती. बहिणीने पर्स पोटाशी ओढली.

"त्याला पत्रांचा कंटाळा," ती म्हणाली. "पोत्याने यायची. लोक जीव ओतून लिहायचे आणि हा उघडायचाही नाही. मला बघवेना. सही मी बसवली, त्याच्यापेक्षा बरी बसवली. मग सगळीकडे तीच गेली. आता तो समोर सही करतो तेव्हा मला धडकी भरते." तिने पुन्हा मोबाइलकडे पाहिलं. "या ओळी मी लिहिल्या होत्या?"

"आठवत नाही?"

"नाही हो. किती जणांना काय काय लिहिलं." मग म्हणाली, "त्यांनी ऐकलं का?"

"आधी रडली. मग गायली. शाळेत परत गेली. त्यावरच मी वाढले."

तिने तोंड फिरवलं. पर्सची चेन उघडझाप करत बसली. मला तिची कीव आली नाही, खोटं कशाला सांगू. मला तेव्हा फक्त मावशीच्या गोळ्या दिसत होत्या. मी सगळं सांगितलं, बशीतली गोळी, उशीखालची गोळी, डॉक्टरांचा फोन.

"मग मी काय करू? येऊन खरं सांगू त्यांना?"

"खरं सांगून तिच्याकडे उरेल काय?" मी कागद पुढे केला. "सही द्या."

"तो बाहेर आला की—"

"त्यांची नको. तुमची."

माझी ताई असती तर त्या वेळी मी तिला मिठी मारली असती, असा चेहरा झाला तिचा. ती म्हणाली, "मला आजपर्यंत कुणी मागितली नाही." आणि कागद गुडघ्यावर ठेवून तिने भावाचं नाव लिहिलं, ऐटदार, तिरपं, खाली ती लांब रेघ. हात जराही हलला नाही. मी म्हटलं, खाली तुमचंही नाव घाला. तिने नकारार्थी मान हलवली. "मग ती खोटी ठरेल," ती म्हणाली आणि पेनाचं टोपण लावलं.

मी दवाखाना सुटल्या सुटल्या घर गाठलं. मावशीने भिंग काढलं. कागद, फोटो, कागद. रेघेवरून तिने बोट फिरवलं, हळू, टोकापर्यंत.

"ही त्याची," ती म्हणाली. "बघ, हातात अजून तोच सूर आहे." तिने कागद छातीशी धरला. मग माझ्याकडे वळली. "आणि ती पहिली? ती कुणी केली होती?"

मी तिच्याकडे पाहिलं. पलंगाशेजारी बशी होती, बशीत सकाळची गोळी तशीच.

"मी," मी म्हटलं.

"वाटलंच मला. तुझं ते बुटकं अक्षर मी ओळखणार नाही होय?" ती हसली, किती दिवसांनी. "पुन्हा असं करू नकोस, ठमे. तुझ्यावर विश्वास टाकून तर बसलेय मी इथे."

"नाही करणार," मी म्हटलं.

तिने हात पुढे केला. मी गोळी ठेवली, आणि तिने ती न बघताच तोंडात टाकली.