कोरडा टाक

नाणं धुवायचं नाही, हा सामंतांच्या छंदातला पहिला नियम होता आणि वसईजवळच्या निर्मळ गावातल्या वाचनालयात दर महिन्याला जमणाऱ्या नाणेसंग्राहकांना तो त्यांनीच शिकवला होता. चिंच, राख, लिंबू, दंतमंजन यांतलं काहीही लावलं की धातूचा वरचा पापुद्रा जातो आणि काळाने त्यावर चढवलेली झाक क्षणात पुसली जाते. या नियमाला ते एकच अपवाद मानत. अ‍ॅसिटोन धातूला शिवत नाही. त्यावर बसलेलं तेल, मेण आणि मळ तेवढा ते सोडवतं आणि उडून जातं. म्हणून अ‍ॅसिटोनमध्ये बुडवणं म्हणजे धुणं नव्हे, असं ते नव्या सभासदांना समजावून सांगत.

भाद्रपदातल्या एका दुपारी विरारच्या आपल्या फ्लॅटच्या गॅलरीत त्यांनी जे नाणं काचेच्या वाटीत सोडलं, ते गासच्या अल्पेशने आणून दिलं होतं. अल्पेशची केळीची वाडी होती, खतांचं दुकान होतं, आणि सामंत बँकेत असल्यापासून तो त्यांना काका म्हणत असे. नवं घर बांधल्यावर त्याने संगमरवरी देव्हारा बसवला आणि जुने टाक, म्हणजे देवांच्या आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या चांदीच्या छोट्या प्रतिमा, नव्याने घडवायला सोनाराकडे नेले. त्यातला एक टाक सोनाराने उलटा करून पाहिला आणि परत दिला. हा टाक नव्हे, म्हणाला, मागे गरुड आहे. सामंतांनी ते नाणं ठेवून घेतलं आणि नव्या टाकासाठी तेवढीच शुद्ध चांदी अल्पेशला दिली. व्यवहार सरळ होता. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

नाण्याच्या दर्शनी बाजूवर हळदीकुंकवाचा जाड थर चढला होता. एक डोकं आहे आणि डोक्यावर पागोट्याच्या तुऱ्यासारखं काही आहे, एवढंच कळत होतं. फक्त गालाच्या जागी थर नव्हता. तिथली चांदी बोटाने झिजून सपाट झाली होती.

रात्रभर त्यांनी ते वाटीतच ठेवलं. सकाळी चिमट्याने बाहेर काढलं तेव्हा वाटीतला द्रव रक्तासारखा दिसत होता. तो त्यांनी बेसिनमध्ये ओतला. मग नाणं उजेडाकडे धरलं. डावीकडे पाहणारी एक तरुण बाई, डोक्यावर किरणांचा मुकुट, मागे उडालेले केस, आणि किंचित उघडं तोंड. सन १९२३. अमेरिकेचा पीस डॉलर. त्यांच्या संग्रहात असे आणखी काही होते. पण या बाईचं तोंड त्यांना निराळं वाटलं. बाकीच्यांवर ती श्वास घेत असल्यासारखी दिसे. हिला श्वास मिळत नव्हता.

पुढच्या सभेत त्यांनी त्या डॉलरवर भाषण केलं. पहिलं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेला शांततेचं नाणं हवं होतं. ते घडवणाऱ्या तरुण शिल्पकाराने आपल्या बायकोला समोर बसवलं आणि वाऱ्याने तिचे केस उडावेत म्हणून खोलीची खिडकी उघडी ठेवली. तो वारा आपण हातात धरतो, असं सामंत म्हणाले, तेव्हा सगळ्यांना ते आवडलं. प्लास्टिकच्या गोल डबीत ठेवलेलं नाणं हातोहात फिरलं आणि शेवटी फर्डिनंडकडे आलं. गिरीजचा फर्डिनंड उभं आयुष्य मालवाहू जहाजांवर इंजिनपाशी काढून घरी परतला होता. त्याने डबी भिंग न लावताच पाहिली.

"सर, याच्यावर आधी काय होतं?"

"मळ होता."

"कसला?"

"हळदकुंकू. देव्हाऱ्यातलं होतं ना."

फर्डिनंडने मान हलवली. डबी परत देताना मात्र तो हळूच म्हणाला, "आत पाणी आहे बघा."

डबीला आतून बारीक थेंब आले होते. सामंतांनी हवेतल्या दमटपणावर दोन वाक्यं सांगितली. वसईत धातू राखणं किती कठीण, हेही सांगितलं. घरी आल्यावर त्यांनी डबी उघडली, नाणं मऊ कापडावर टिपलं आणि ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी घालून बंद केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी डबी पुन्हा धुरकट झालेली होती. त्यांनी डबी बदलली, कपाट बदललं. शेजारच्या कप्प्यातली नाणी कोरडी ठणठणीत होती आणि या एकाच डबीत थेंब जमून कडेने खाली उतरत होते. बाईचं तोंड त्या पाण्याखाली हलल्यासारखं दिसे.

"अहो, तुमच्या त्या मडमेला घाम फुटलाय," त्यांच्या पत्नी वसुंधराबाई म्हणाल्या. पण चार दिवसांनी त्यांचंही चेष्टा करणं थांबलं. बेसिनच्या नळीतून चिखलाचा वास येतो म्हणून त्यांनी प्लंबरला बोलावलं. त्याने नळी उघडून दाखवली. ती स्वच्छ होती. वास खाडीचा होता, हे त्याला कळलं आणि इतक्या वरच्या मजल्यावर तो कुठून येईल, हे कळलं नाही.

त्या दुपारी वाराच नव्हता. सामंतांनी टेबलापाशी बसून डबी उघडली आणि आपल्याला हे शोभत नाही असं वाटत असतानाच ओलं बोट जिभेला लावलं. पाणी खारट होतं. आपल्याच हाताचा घाम असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मग उठून हात धुतले आणि बराच वेळ नळ तसाच चालू ठेवून उभे राहिले.

अल्पेशचा फोन त्याच संध्याकाळी आला. त्याच्या घरी हंसाआते होती, त्याच्या वडिलांची मोठी बहीण. तरुणपणी विधवा होऊन माहेरी आलेली, आता ऐंशीच्या घरातली. डोळ्यांत मोतीबिंदू असल्याने नवा देव्हारा तिला दिसला नव्हता. पण पितृपक्ष लागल्यावर पूजेला बसली आणि तिच्या बोटांना नवा टाक लागला. तेव्हापासून तिने अन्न सोडलं होतं. सकाळी घोटभर चहा घेई, बाकी काही नाही. बापाला आणा, मग जेवते, एवढंच म्हणे. तो टाक तिच्या बापाचा, हरेश्वरचा होता. खाडीत होडी उलटून तो गेला तेव्हा ती लहान मूल होती आणि अल्पेशचे वडील आईच्या पोटात. हरेश्वरचा फोटो कुणी काढला नव्हता आणि त्याचं प्रेतही मिळालं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबई बंदरात एका गोऱ्या खलाशाने त्याला दिलेलं ते नाणं तेवढं घरात राहिलं होतं. त्याच्या बायकोने तेच देव्हाऱ्यात ठेवलं.

"काका, थोडं कुंकू फासा आणि द्या परत," अल्पेश म्हणाला. "तिला काय दिसतंय? डॉक्टर सांगतो, आणखी आठवडा काढणार नाही."

सामंतांनी खरंच तसं करून पाहिलं. वसुंधराबाईंच्या करंड्यातलं कुंकू घेतलं, हळद कालवली, आणि ज्या हाताने ते नाण्यांना कडेशिवाय कुठे स्पर्श करत नसत, त्याच हाताने त्या चेहऱ्यावर लेप दिला. तो बसेना. आतून ओल येऊन सगळं घसरलं आणि उघड्या तोंडातून लाल ओघळ हनुवटीवर आला. ते पाहवेना म्हणून त्यांनी पुसून टाकलं.

"तसंच न्या," वसुंधराबाई म्हणाल्या. "आणि तिथे भाषण नका देऊ."

गासच्या त्या नव्या घरात टाइल्स चकचकीत होत्या आणि हंसाआते देव्हाऱ्यासमोर पाटावर पाठ टेकून बसली होती. अंगात काही उरलं नव्हतं, आवाज मात्र खणखणीत होता. बँकेतले सर आलेत, असं अल्पेशने सांगितलं. तिने हात पुढे केला.

सामंतांनी नाणं तिच्या तळव्यावर ठेवलं. तिचा अंगठा गालावरच्या सपाट जागेवर गेला आणि तिथे नेमका बसला. चेहरा सैलावला. मग बोटं पुढे सरकली, केसांवर, मुकुटावर, ओठांवर, आणि थांबली.

"ह्याच्यावरचं कुठं गेलं?"

"मी काढलं," सामंत म्हणाले.

"कशानं?"

अल्पेश मागून खाकरला. हंसाआतेनेच मग विचारलं, "पान्यात घातलास?"

मग ती अल्पेशला ऐकवत असल्यासारखी बोलू लागली. बाकीच्या देवांना सणासुदीला न्हाऊ घालतात. ह्याला कधी घातलं नाही. पाण्यात गेलेल्याला पाणी दाखवायचं नाही, असं तिच्या आईने सांगितलं होतं, आणि आईमागे तिने तेच पाळलं. कोरडी हळद, कोरडं कुंकू, वर एक बोट तेल. एवढी वर्षं तो घरात कोरडा बसला होता.

सामंतांच्या ओठांवर ते वाक्य तयार होतं. अ‍ॅसिटोन म्हणजे पाणी नव्हे. त्यात बुडवणं म्हणजे धुणं नव्हे. वाचनालयात ते वाक्य त्यांनी किती वेळा उच्चारलं होतं. हंसाआतेच्या तळव्यावरच्या नाण्यातून पाण्याचा एक थेंब तिच्या मनगटाकडे निघाला होता.

"हो," ते म्हणाले. "बुडवला."

"किती वेळ?"

"रात्रभर."

"आनि मग?"

"सकाळी बाहेर काढला."

"कोनी?"

"मीच. दुसरं कुणी नव्हतं."

अल्पेश पुढे आला. तिने हाताने त्याला मागे सारलं.

"त्या वक्ताला सगळा गाव खाडीवर उभा होता," ती म्हणाली. "कोनी काढला नाय त्याला. आई वाट बघून बघून गेली." तिने पदराच्या टोकाने नाणं टिपलं, एखाद्याचं तोंड पुसावं तसं, सावकाश. पदर भिजला. त्याचं तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. "मिळाला म्हनायचा. मिळालेल्याला घरात ठेवत नाय, अल्पेश. अग्नी द्यायचा."

अल्पेशला आधी काही कळलं नाही आणि कळलं तेव्हा तो सामंतांकडे बघू लागला. सामंतांना कळलं होतं. लाखो चांदीचे डॉलर अमेरिकेने वितळवले, हे ते सभासदांना नेहमी जड आवाजात सांगत. उरलेला प्रत्येक डॉलर म्हणजे वाचलेला जीव, हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. आयुष्यात त्यांनी एका नाण्यावर चरा पडू दिला नव्हता.

"तू काढलास," हंसाआते म्हणाली, "तूच ने."

रिक्षाने तिघे सोपाऱ्यातल्या सोनाराच्या दुकानी गेले. हंसाआतेला बाकावर बसवल्यावर अल्पेशने सामंतांना बाजूला घेतलं आणि कुजबुजत सुचवलं की सोनार चांदीचा दुसरा एखादा तुकडा टाकील, आतेला आच लागली म्हणजे झालं, आणि नाणं काकांकडेच राहील. सामंतांनी त्याच्याकडे पाहिलं. मोह झालाच नाही, असं नव्हतं. क्षणभर त्यांना आपल्या कपाटातला कप्पा दिसला आणि त्यात, बंद डबीत, पाण्याखाली पडून राहिलेलं ते तोंड. त्यांनी नाणं स्वतः सोनारापुढे ठेवलं.

सोनाराने ते बोटांत फिरवलं. "साहेब, हे ओलं आहे. ओलं मुशीत टाकता येत नाही, उडतं." त्याने ते सांडशीत धरून आधी आचेवर शेकलं. चर्रकन आवाज झाला, आणि त्या चिंचोळ्या दुकानात ओहोटीच्या चिखलाचा वास भरला. रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईने नाकाला पदर लावला. मग वास गेला. सोनाराने नाणं मुशीत ठेवलं, टाकणखार टाकला आणि गॅसची ज्योत मोठी केली.

हंसाआतेने ज्योतीकडे तोंड वळवलं होतं. सामंतांनी मात्र मुशीत पाहिलं. कडेचे दाते गेले. अक्षरं फुगली आणि विरली. मुकुट खाली बसला, केस एकमेकांत मिसळले. ओठ सगळ्यांत शेवटी राहिले असं त्यांना दिसलं; ते एकदा रुंदावले, आणि मग नुसती चांदी मुशीत थरथरत राहिली.

गोळी कुणाला द्यायची, असं सोनाराने विचारलं.

"तिचं काय आता," हंसाआते म्हणाली. "चांदी ती." आणि बाकावरून उठण्यासाठी तिने अल्पेशचा खांदा धरला. "घरी चल. भात लाव."

सामंत एकटेच परतले. बेल वाजवल्यावर वसुंधराबाईंनी दार उघडलं, पण ते आत आले नाहीत. चपला बाहेर काढून उंबऱ्याशी उभे राहिले आणि पायांवर घ्यायला त्यांनी पाणी मागितलं. त्यांचा चेहरा पाहून वसुंधराबाईंनी तांब्या आणला.

"कोण गेलं हो?"

"हरेश्वर," सामंत म्हणाले.