केवड्यापलीकडची पुळण

गुणाजी तांडेलाने काठीने वाळूवर चौकोन आखला आणि भागोजीला म्हणाला, "हयसून धर. कमरेइतका खोल गेला की बस."

भागोजीने फावडे उचलले आणि ते तसेच हातात राहिले. केवड्याच्या बनातून गुणाजीची बायको बकुळा आली होती. तिने डोक्यावरची माशांची पाटी उतरवली आणि आखलेल्या चौकोनाच्या ऐन मध्यावर जाऊन बसली.

"काय गो, काय झाला?" गुणाजीने विचारले.

बकुळा पदर गुडघ्यांभोवती ओढून समुद्राकडे बघत राहिली.

बाजूला सरपंच हरिश्चंद्र छत्री टेकून उभा होता. पहिले फावडे पडताना बघायला तो वरच्या वाडीतून मुद्दाम उतरून आला होता, आणि त्याला कारणही होते. बंदरावरच्या बायका मासे साफ करून डोकी-आतडी विहिरीच्या उतारावर टाकत. पावसाळा सरता सरता गावात पटकी शिरली आणि बंदरावरची काही माणसे दगावली. तालुक्याचा अधिकारी येऊन बजावून गेला, की घाण हलवा, नाहीतर मासे सुकवणे बंद. पंचायत नवीनच होती. सगळे पंच वरच्या वाडीतले बागायतदार. बंदरावरचा एकटा गुणाजी. सारा जन्म गलबतावर काढलेला, आता डोळे अधू झाले म्हणून जमिनीवर आलेला. मासळीवाल्यांनाच खाडीपलीकडे हलवा, असे पंच म्हणू लागले, तेव्हा तो उभा राहिला होता. खड्डा खणू, घाण त्यात टाकून वरून वाळू ओढू, वर्षाने माडांना खत होईल. मलबारात मी हे डोळ्यांनी पाहिले आहे, असे म्हणाला होता. जागाही त्यानेच काढली होती. पुळणीचे हे टोक विहिरीपासून लांब होते, घरे नव्हती आणि मध्ये केवड्याचा आडोसा होता.

"तुझी माणसं ऐकतील?" हरिश्चंद्राने विचारले होते.

"ती जोखीम माझी," गुणाजी म्हणाला होता.

आणि आता त्याचीच बायको आडवी बसली होती.

"तांडेल," हरिश्चंद्र हसू दाबत म्हणाला, "तुझ्याच घरात मत फुटलं की रे."

भागोजी फावड्याच्या दांड्याआड हसला. गुणाजीच्या कानशिलांत रक्त चढले. वादळात शीड उतरवताना खलाशी त्याच्या एका हाकेला हलत; इथे हातभर अंतरावरची बाई जागची हलत नव्हती.

"ऊठ. लोक बघतायत."

"बघू देत."

"सांगून तरी टाक. हयसर नको तर का नको?"

बकुळाने तळहाताने समोरची वाळू सारखी केली, अंथरूण सारखे करावे तशी. ते बघून गुणाजीचा राग उतरला. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"तुमी मलबारात व्हतात," ती इतक्या हळू म्हणाली, की लाटेच्या आवाजात ते त्याच्यापुरतेच राहिले. "गावात एक बाप्या नव्हता. राही सुईण आनि मी, दोघीच. खाडी भरलेली, पलीकडं न्यायला होडी नाय. हयसरच हातांनी उकरला."

त्या सालची गुणाजीची गलबताची फेरी लांबली होती. परत आला तेव्हा आईने दारातच सांगितले होते, मुलगी झाली होती, राहिली नाही. त्याने मान हलवून पायांवर पाणी घेतले होते. लहान मूल गेले की खाडीपलीकडे पुरतात, तिथेच ठेवले असेल असे धरून चालला होता. विचारायचे राहून गेले, ते राहूनच गेले.

"मग मागंच का नाय सांगितलास? पंचायतीत ठरला तेव्हा?"

"मला कोनी विचारला? खड्डा केवड्यापलीकडं व्हनार, ह्या मला आज फावडी निघाली तेव्हा कळला."

तो उठला. गुडघ्यांना लागलेली वाळू त्याने झाडली नाही. हरिश्चंद्राकडे जाऊन म्हणाला, "हयसर नको. उधाणाचा पानी चढतो."

"अरे, काल तर छातीठोक सांगत होतास, इथं पाणी चढत नाही म्हणून!"

"चुकला माझा."

"मग कुठं?"

गुणाजीने क्षणभर बंदराकडे पाहिले. घरांची दाटी, मधून मधून माड. कुणाच्या दाराशी खणा म्हणणार?

"माझ्या परसात खणा," तो म्हणाला.

भागोजी या वेळी उघड हसला. तांडेल बायकोला भ्याला, ही गोष्ट दिवस मावळायच्या आत बुरोंडीच्या बाजारापर्यंत गेली. गुणाजीने ती जाऊ दिली.

खड्डा झाला. पहिले काही दिवस बायका कुरकुरल्या, मग पाट्या घेऊन तांडेलाच्या परसात येऊ लागल्या. विहिरीचा उतार मोकळा झाला आणि मासे सुकतच राहिले. खड्डा भरत आला तेव्हा दुसरा कुठे घ्यावा, हे गुणाजीने पंचायतीत मांडले नाही. आधी बंदरावरच्या बायकांना परसात बसवून विचारले. त्यालाही लोक हसले.

एका संध्याकाळी वारा पडला आणि वास घरात भरला. बकुळा खड्ड्यावर वाळू ओढत होती. गुणाजी मागच्या दारात बसला होता.

"आत बसा वो. वास मारतोय."

"मारू दे."

तो तिच्या हातांकडे बघत होता.

"कोनासारखी व्हती गो?"

बकुळाचे हात थांबले. मग तिने पुन्हा ओंजळभर वाळू ओढली.

"तुमच्या आयशीसारखी," ती म्हणाली. "कपाळ असा मोठा."