दाताच्या दवाखान्यातला डीबगर

दाताच्या दवाखान्यात नंबर देणारा प्रोग्रॅम एकच नंबर दोघांना द्यायला लागला. दाढ धरून आलेली दोन माणसं एकाच नंबरावरून हमरीतुमरीवर आली, तेव्हा प्रोग्रॅम विकणाऱ्या कंपनीच्या साहेबांनी तो लिहिणाऱ्या बाईंना केबिनमध्ये बोलावलं.

बाईंनी त्यांच्यासमोर प्रोग्रॅम डीबगरमध्ये, म्हणजे चुका शोधायच्या साधनात, चालवला. काळ्या पडद्यावर कमांड टाइप केली की एकच ओळ चालायची आणि प्रोग्रॅम थांबायचा. आत कुठे कोणता आकडा आहे ते विचारायचं, मग पुढची ओळ. साहेब सगळं कळल्यासारखा चेहरा करून बघत होते. त्यांचा चेहरा कायमच तसा असे. प्रोग्रॅम मात्र नव्या जावयासारखा वागला. चूक म्हणून नाही!

"बघ, तू जवळ बसलीस की नीट चालतो," साहेब म्हणाले. "मग दवाखान्यातच जाऊन बस."

"सर, पण कारण तर..."

"याला ग्राहकसेवा म्हणतात."

बाई गेल्या. दवाखाना दोन सख्ख्या भावांचा, आणि काउंटर दोन, त्यावर त्यांच्या बायका. जावाजावांचा अबोला इतका जुना की कारण आता दोघींनाही आठवत नव्हतं. आपल्याच नवऱ्याची खुर्ची आधी भरावी म्हणून पेशंट दारात दिसताच दोघी झडप घालून बटण दाबत.

नंबर घेतला जातो त्या ओळीवर प्रोग्रॅम थांबेल अशी सोय बाईंनी केली. दोन पेशंट एकदम आत आले. दोन बटणं वाजली. प्रोग्रॅम थांबला. पहिल्या काउंटरच्या हातात काय? तेवीस. दुसऱ्याच्या? तेवीस. एकीने नंबर उचलून पुढचा लिहून ठेवायच्या आत दुसरीने तोच उचलला होता. ऑफिसात बटण एकच, आणि जाऊ एकही नाही; तिथे चूक दिसणार कशी?

"तुम्ही दोघी एकदमच दाबता का हो?"

"मी आधी दाबते," थोरली म्हणाली.

"यांना सांगा, आधी मी दाबते," धाकटी बाईंना म्हणाली.

एकीचं काम पुरं होईपर्यंत दुसरीला थांबावं लागेल असा बदल बाईंनी केला. कोणाला थांबावं लागेल हे त्यांनी शहाणपणाने सांगितलं नाही. पुढचे दोन पेशंट वेगवेगळे नंबर घेऊन निमूट आपापल्या खुर्चीवर जाऊन बसले. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी लगेच साहेबांना फोन लावला.



"चूक सापडली इथवर ठीक," साहेब म्हणाले. "पण दुरुस्त कशाला केलीस? प्रोग्रॅमसोबत माणूसही मिळेल, असं आजच मी सगळ्या ग्राहकांना कळवलंय!"

बाईंनी महिनाअखेरीस नोकरी सोडली. ऑफिसातल्या बाकीच्यांनीही ग्राहकांकडे जाऊन बसायला साफ नकार दिला. आता एका ग्राहकाच्या गोदामात साहेब स्वतः काळ्या पडद्यासमोर बसलेले असतात, आणि कोणी जवळून गेलं की काहीतरी टाइप करतात.