ताटातलं नाव

मृदुला टिपणीसच्या क्रेडिट कार्डावर सोमवारपासून जी मुलगी खरेदी करत होती, ती मृदुलाच होती, लग्नाआधीची. तेव्हा तिचं नाव शशी होतं आणि ती मिरजेला आईजवळ राहायची. कार्ड पर्समध्येच होतं, ते कुठे गेलं नव्हतं. शशीनं आधी सतारीच्या तारा घेतल्या, मग सायकलची घंटी. मृदुलानं मेसेज वाचले आणि कुणाला काही सांगितलं नाही. चोरटीची आवड चांगली होती.

गुरुवारी मेसेज आला: आईच्या हृदयाचं औषध. व्यवहार थांबवला आहे.

आईला जाऊन एकतीस वर्षं झाली होती. त्या आठवड्यात इथे ठाण्याला नणंदेचं लग्न होतं, म्हणून मृदुलाला मिरजेला जाता आलं नव्हतं.

तेवढ्यात बँकेतली बाई आली. दारात चपला काढून खाली बसली आणि पिशवीतून तांदळाचं ताट काढलं. लग्नात नवऱ्यानं, अरविंदरावांनी, अंगठीनं ज्यात 'मृदुला' लिहिलं, तेच ताट. अक्षरं अजून तशीच, गिचमीड.

"खूण पटवायची आहे. लग्नाआधीचं नाव?"

"शशी."

"बरोबर. पण तिनंही हेच सांगितलं. सही जुळते, अंगठा जुळतो. एक खरी, एक तोतया. कोण ते तुम्हीच सांगायचं."

"अगं, ती तोतया म्हण आणि मोकळी हो," आतून अरविंदराव म्हणाले. "माझा चहा राहिलाय."

"तिला तोतया म्हटलं, तर औषधाचं काय?"

"कार्ड बंद. औषध दुकानातच राहील."

मृदुलानं पदराला हात पुसले. "मग लिहा बाई. तोतया मी."

"परत फिरता येत नाही हं."

"माहितीय. सासरी येतानाही हेच सांगितलं होतं."

बाईनं तळहातानं तांदूळ सारखे केले. नाव गेलं.

"अगं, चहा!" अरविंदरावांनी पुन्हा हाक मारली. ताटात एकदा लिहिल्यावर त्यांनी ते नाव कधी वापरलंच नव्हतं, त्यामुळे त्यांना काही फरक जाणवला नाही.

फोन वाजला. औषध मिळालं होतं. फोनमधून मिरजेचं स्वयंपाकघर ऐकू येत होतं. स्टोव्हची फरफर, आणि आईचा आवाज, जराही धाप न लागलेला.

"शशेऽ, ए शशे!"

तिनं ओ द्यायला तोंड उघडलं. पलीकडून शशीनं ओ दिली.